भंगारातलं लोखंड आणि उलटी येणारी गोळी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरामागे दहा-वीस एकर मोकळी जमीन असली, तर नेमबाजीसाठी क्लबात जावंच लागतं असं नाही. अनेक ठिकाणी कायदा आड येत नाही. मातीचा उंच बांध घालायचा, त्याच्यापुढे काहीतरी टांगायचं आणि सराव सुरू. कागदावरचं भोक लांबून दिसत नाही, लोखंड मात्र लगेच ‘टण्ण’ करून सांगतं. त्यामुळे भंगारवाल्याकडचा प्लेटचा तुकडा, ट्रॅक्टरच्या डिस्क हॅरोची तबकडी, गाडीची झिजलेली ब्रेक डिस्क, रिकामा सिलिंडर, जे सापडेल ते साखळीला लटकतं. टेक्ससमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसालाही एखादा सहकारी शनिवारी अशा ठिकाणी बोलावतो. तिथे लोखंडाबद्दल जी खात्रीची माहिती ऐकायला मिळते, तिच्यातली बरीचशी उफराटी असते.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज असा, की कडक पोलादावरून गोळी उसळते आणि मऊ लोखंड ती पचवतं. घडतं नेमकं उलट. शिशाची गोळी कडक, सपाट पृष्ठभागावर आपटली की तिचा चुरा होतो आणि तो प्लेटला जवळजवळ समांतर, चहूबाजूंना फाकतो. समोर उभ्या नेमबाजाकडे फार थोडं येतं. मऊ प्लेटवर रायफलची गोळी बसली, की वाटीसारखा खड्डा पडतो. पुढची गोळी त्या वाटीच्या काठावर बसली तर आतल्या उतारावरून वळते आणि तिचे तुकडे आले त्याच दिशेने परत जाऊ शकतात. म्हणून खड्डे पडलेली, वाकलेली किंवा तडा गेलेली प्लेट बाद समजायची. ‘अजून वाजते की’ हा तिच्या बाजूचा मुद्दा होत नाही.

मग जाड प्लेट घेतली तर? वर्कशॉपमध्ये जिला एमएस म्हणतात, त्या साध्या पोलादाचा कडकपणा ब्रिनेल मापावर साधारण १२० ते १५० भरतो. नेमबाजीच्या प्लेटसाठी वापरतात त्या एआर ५०० पोलादाचा ५०० च्या आसपास असतो. एमएस इंचभर जाड घेतली तरी रायफलपुढे तिच्यावर खड्डे पडतातच. जाडीने फक्त आरपार जाणं थांबतं. एआर ५०० लाही मर्यादा आहे. सेकंदाला सुमारे ९०० मीटरपेक्षा वेगाने येणारी गोळी तिच्यावरही खड्डा पाडते. शिवाय हा कडकपणा उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेला असतो. गॅस कटरने कापलं किंवा मागे पाय वेल्ड केले, की त्या जागेपुरता तो उतरतो. भंगारात मिळालेला तुकडा आधी कशाने कापलाय, कुठे तापलाय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भंगाराला माझा पहिला आक्षेप हा आहे.

डिस्क हॅरोची तबकडी घंटेसारखी वाजते, म्हणून ती लाडकी. पण ती खोलगट असते. पोकळ बाजू नेमबाजाकडे केली, तर वर सांगितलेला खड्डा विकतच आणला म्हणायचा; फुगीर बाजू केली, तर तुकडे कुठे जातील याचा अंदाज राहत नाही. ब्रेक डिस्क किंवा जुना तवा बिडाचा असतो, आणि बीड वाकत नाही, फुटतं. सिलिंडर तर गोलही आणि आत गॅस उरला असण्याची शक्यताही. हे तिन्ही सरळ वगळावेत.

टांगण्याची पद्धतही महत्त्वाची. प्लेटचा वरचा काठ थोडा पुढे झुकवला, म्हणजे तोंड जमिनीकडे होतं आणि चुरा मातीत जातो. मागे बांध हवाच, कारण हुकलेली .२२ ची चिमुकली गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. कडक प्लेटसाठीही पिस्तुलाला किमान १० मीटर आणि रायफलला ९० मीटरच्या आसपास अंतर सांगितलं जातं. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा नेमबाजाने लावायचाच, बघ्यांनीही लावायचा. प्लेटच्या रेषेत बाजूला तर कुणी उभंच राहायचं नाही, कारण चुरा तिकडेच फाकतो.

गोळीत पोलाद आहे की नाही, हे चुंबकाने पाहता येतं. टोकाला चुंबक चिकटला, तर आवरणात किंवा गाभ्यात पोलाद आहे. ती प्लेटवर मारू नये. एक कारण प्लेटची नासाडी, दुसरं आग. अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये रायफलच्या गोळ्या पोलादी प्लेटवर झाडून पाहिल्या. पोलादाचा अंश असलेल्या आणि अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांच्या तुकड्यांनी खालच्या कोरड्या सेंद्रिय मातीला आग लागत होती. तुकड्यांचं तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर जात असावं, असा त्यांचा अंदाज होता. ठिणगी दिसली नाही म्हणजे धोका नाही, असं वाळलेल्या गवतात कुणी समजू नये.

‘छोटी बंदूक, छोटा धोका’ हा समज मात्र आपल्याकडेही चालतो. भारतात .१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे गच्चीवर पत्र्याचा डबा ठेवून सराव करणारे असतातच. शिशाचा छर्रा निदान चेपतो तरी. पोलादी गोल छर्रा चेपत नाही, फुटत नाही. कडक वस्तूवर आपटून बराचसा वेग शिल्लक ठेवून अख्खा परत येऊ शकतो, आणि गच्चीवर अंतर असतं जेमतेम आठ-दहा पावलांचं. अशा छऱ्यांसाठी कागद आणि त्याच्यामागे जुन्या गोधड्यांनी भरलेलं खोकं बरं. नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलं, त्या रायफल प्रकारातही लोखंड वाजवायचं नसतंच.

प्लेटखालची माती शिशाने भरते. तिथे खाऊ नये, मुलांना खेळू देऊ नये आणि घरी आल्यावर चहाचा कप उचलण्याआधी हात साबणाने धुवावेत.