रावस, तिथी आणि मोजपट्टी

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण नात्याला आधार काही नाही. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. रावस आपल्या कोमट, गढूळ खाड्यांच्या तोंडाशी वावरतो. त्याच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार लांब दोरे असतात. गढूळ पाण्यात नजर पोचत नाही तेव्हा या दोऱ्यांनी तो भक्ष्य चाचपतो. वीज गेल्यावर आजोबांनी उशाशी चष्मा शोधावा, तसा. आम्हा कवी मंडळींना उपमा सुचल्याशिवाय मासासुद्धा दिसत नाही, तेवढे चालवून घ्या.

सावेडीत राहणाऱ्या माणसाने समुद्रातल्या माशावर का बोलावे, असे कोणी विचारील. आमचे नगर २०२४ साली अहिल्यानगर झाले, म्हणून समुद्र काही जवळ आला नाही. तो अडीचशे किलोमीटरांच्या पुढेच आहे. पण गळाचा नाद मुळा धरणाच्या काठावर लागला आणि पुढे आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात पुणे, खोपोली, पेण करत रेवदंड्याला जाऊ लागलो. तिथे कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असा नेमका शब्द आहे.

नाव उसने घेतलेच आहे, तर खऱ्या सॅमनचे काय झाले तेही ऐकावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सॅमनचा हंगाम दरवर्षी वसंतात ठरतो. किती मासे नदीकडे परतणार याचा अंदाज बांधून मगच दिवस जाहीर होतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी हंगाम पूर्ण बंद राहिला. धंदेवाल्यांनाही बंदी आणि हौशींनाही. दुष्काळात नद्यांचे पाणी कमी झाले, तापले आणि पिल्ले जगली नाहीत. वरच्या अंगाला धरणे होतीच. २०२५ साली हौशींना मोजके दिवस मिळाले, धंद्याची मासेमारी मात्र तिसऱ्या वर्षीही बंदच होती. तिथले लोक चिडले असतील. पण आपला मासा किती उरला आहे, याचा जाहीर हिशेब निदान त्यांच्यासमोर होता.

आपल्याकडे हौशी गळवाल्यासाठी असा हिशेब कोणी मांडत नाही. आपला कायदा मुख्यतः जाळ्याकडे आणि नौकेकडे पाहून लिहिलेला आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते, ती यांत्रिक नौकांना. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, त्याहून लहान धरायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण गळाला पापलेट लावून दाखवणाऱ्याला मी बक्षीस देईन!

मग हौशी माणूस मोकळा आहे का? माझ्या मते नाही. बंदीच्या ६१ दिवसांत कोळ्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते आणि घर मागच्या कमाईवर चालते. त्याच दिवसांत आपण खडकावर उभे राहून पोटातल्या अंड्यांसकट मासा उचलावा, हे मला पटत नाही. कायदा काठावरच्या गळाला अडवो न अडवो, आमचा रॉड ऑगस्टपर्यंत माळ्यावर असतो. तसाही त्या दिवसांतला समुद्र माणसाला खडकावरून ओढून नेतो.

आता रावसाची खरी गोम. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर हाच मासा सापडतो, तिथे त्याला ‘ब्लू सॅमन’ म्हणतात. त्याच्यावरच्या अभ्यासांत दिसले की हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले लहान रावस बहुतेक नर आणि मोठे रावस बहुतेक माद्या. मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी जास्त. लहान सोडा आणि मोठा घ्या, हा सगळीकडचा शहाणपणा इथे अर्धाच उपयोगी पडतो. कोवळा सोडायचाच, कारण तो मादी होण्यापर्यंत पोचला पाहिजे. पण सगळे मोठे उचलले तर अंडी कोण घालणार? म्हणून आमचा नियम असा, की मधल्या आकाराचा एखादा घरी न्यायचा आणि मोठा पाण्यात परत द्यायचा.

पहिल्यांदा असा हातभर रावस सोडला तेव्हा सोबतचा पुतण्या कळवळून म्हणाला, “चाचा, अडीचशे किलोमीटर आलो ते मासा परत करायला?” मी त्याला म्हटले, “बेटा, जाळ्यातला मासा बाहेर येईतो बहुतेक मेलेला असतो. कोळ्याला हा पर्याय मिळतच नाही. आपल्याला मिळतो, कारण आपली हौस आहे, त्याचे पोट आहे.” त्याला ते पटले की नाही ठाऊक नाही. चहा मात्र त्याने मलाच पाजायला लावला.

हंगाम आखायचा तो भरतीवरून. कोकणातला जुना आडाखा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचे. आमच्या घरच्या भिंतीवर हिजरी तारखांचे कॅलेंडर असते. चंद्रकोर दिसून महिना सुरू होतो, म्हणून हिजरी तारीख तिथीच्या साधारण एकाने मागे असते. पाच तारीख म्हणजे षष्ठी. दोन्ही कॅलेंडरे एकाच चंद्राची, त्यामुळे समुद्र कोणाचेही ऐकतो. हा आडाखा अंदाजापुरता. निघण्याआधी छापील भरतीचा तक्ता पाहावाच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी धावते, शेवाळ दोरीला गुंडाळते आणि मागची वाट पाण्याखाली जाते. माझा अनुभव असा, की ऑक्टोबर ते फेब्रुवारीत षष्ठीच्या आगेमागे, भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास सर्वांत चांगला. आमिषाला ताजी कोळंबी. मालवणकडे जाणार असाल तर तिथे १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे, हे ध्यानात ठेवून आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. मुशी आणि पाकटांच्या काही जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गळाला लागलेली जात ओळखता आली नाही, तर दोरी कापून सोडलेली बरी.

सोडायचीही रीत आहे. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करावा, म्हणजे तो चटकन निघतो. हात ओले करूनच मासा धरावा, कोरड्या हाताने त्याची खवले निघतात. खडकावर आपटू देऊ नये, कल्ल्यांत बोट घालू नये. फोटो काढायचा तर मोबाईल आधीच तयार ठेवावा. मासा हातात धरून पासवर्ड आठवत बसू नये. तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरावे. शेपटीने स्वतः हिसका दिला की हात सैल करावा. आणि शिंप्याकडची कापडी मोजपट्टी पिशवीत असू द्यावी. ती ओली झाली तरी आकडे दिसतात, आणि मासा केवढा होता यावरून परतीच्या वाटेवर पेणपर्यंत जो वाद चालतो, तोही मिटतो.