नाडी टिपणारा टिश्यू पेपर

मनगटावर चिकटवून नाडी मोजणाऱ्या पातळ सेन्सरचं आज बरंच कौतुक होतं. या संशोधनाची सुरुवात मात्र रोबोटला कातडी चढवण्याच्या खटपटीतून झाली. २००४ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने सेंद्रिय ट्रान्झिस्टर आणि दाब ओळखणारं रबर एकत्र आणून वाकणारी कृत्रिम त्वचा करून दाखवली. तिला स्पर्श कळत होता, पण बोटाने दाबल्यासारखा. नाडीचा ठोका त्याहून कितीतरी हलका.

२०१० मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दोन शोधनिबंध लागोपाठ आले. बर्कलेच्या अली जावी यांनी नॅनोतारा छापून ७ बाय ७ सेंटिमीटरची त्वचा बनवली. स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांची युक्ती मला जास्त भावते, कारण तीत नवा पदार्थ नाहीच. सपाट रबराच्या थराला पसरायला जागा नसते, त्यामुळे दाबला तरी तो फारसा दबत नाही. बाओ यांनी रबरावर काही मायक्रॉनचे पिरॅमिड उठवले. मधे हवा राहिली, टोकं चटकन दबू लागली आणि दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर घटताच धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलू लागली. २० मिलिग्रॅमची माशी बसली तरी सेन्सरला कळलं! २०१३ मध्ये याच गटाने अशा रबराला पॉलिमर ट्रान्झिस्टरची जोड देऊन मनगटावरची नाडी टिपली.

नुसते ठोके मोजायला एवढा खटाटोप कशाला? बोट आणि घड्याळ पुरे. खरी गोम ठोक्याच्या आकारात आहे. प्रत्येक ठोक्यात रक्ताच्या दाबाच्या मोठ्या लाटेमागून शरीरातून परावर्तित झालेली एक छोटी लाट येते. वयाबरोबर धमन्या ताठरल्या की ती लवकर परतते. ही छोटी लाट पकडता आली, तर धमन्यांची अवस्था त्वचेवरूनच समजते.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात वेनलाँग चेंग यांच्या गटाने ती पकडली, तीही साध्या टिश्यू पेपरवर. सोन्याच्या अतिसूक्ष्म तारांच्या द्रावणात कागद बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. मग तो सिलिकॉन रबराच्या दोन पातळ थरांमधे ठेवायचा. त्यातल्या एका थरावर इलेक्ट्रोड. दाब पडला की जास्त तारा इलेक्ट्रोडला टेकतात आणि विद्युतप्रवाह वाढतो. १३ पास्कल इतका नाममात्र दाबही त्याला कळे, १७ मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळे आणि ५०,००० वेळा दाबूनही तो टिकला.

यानंतर संवेदनशीलतेच्या आकड्यांची शर्यत लागली. कार्बनचा अतिपातळ थर म्हणजे ग्राफीन आलं, चांदीच्या तारा आल्या, मॅक्सीन नावाचा पातळ थरांचा पदार्थ आला. माझ्या मते त्यातला बराच भाग प्रयोगशाळेच्या टेबलापुरताच होता. मनगट वाकतं, घाम येतो. सेन्सरची पट्टी थोडी सैल झाली की नाडीचा आलेख बदलतो. रबर दाबातून सुटल्यावर लगेच मूळ आकारात येत नाही आणि एकाच घाण्यातले दोन तुकडे सारखं वाचन देतीलच असं नाही.

म्हणून सोमेया यांच्या गटाची पुढची दोन कामं मला मोलाची वाटतात. २०१६ मध्ये त्यांनी कार्बन नॅनोनलिका आणि ग्राफीन मिसळलेल्या तंतूंचा सेन्सर केला. तो वाकवला तरी चळत नाही, फक्त दाबच सांगतो. २०१७ मध्ये सोन्याची जाळी आली. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या तंतूंवर सोन्याचा थर चढवून ती त्वचेवर ठेवायची आणि पाणी शिंपडायचं. तंतू विरघळतात, सोनं त्वचेला बिलगतं, घामाला वाट मोकळी राहते. २० जणांच्या त्वचेवर आठवडाभर ठेवूनही दाह झाला नाही.

गंमत अशी, की २०२२ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी ग्राफीनच्या ‘गोंदणा’तून ३०० मिनिटांहून अधिक काळ रक्तदाब नोंदवला, तेव्हा त्यांनी दाब थेट मोजलाच नव्हता. त्वचेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून त्यांनी रक्तदाब गणिताने काढला. त्या गणितालाही आधी दुसऱ्या उपकरणाने मोजलेले रक्तदाबाचे आकडे पुरवावे लागले.

रक्तदाब मोजायचा दंडावरचा पट्टा १८९६ मध्ये इटलीचे डॉक्टर रिव्हा-रोची यांनी आणला आणि दवाखान्यात अजून तोच चालतो. तेव्हा घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल, तर औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना पट्ट्याने मोजलेलेच आकडे दाखवा.