शिष्याचे मौन आणि गुरूचा स्वभाव

वैद्यकाचे शिक्षण ग्रंथांतून सुरू होते. हाती उतरते ते गुरूच्या सान्निध्यात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून एक वर्षाच्या आंतरवासितेसाठी तरुण वैद्य आमच्याकडे येतो, तेव्हा आम्ही त्याचा विनय, चिकाटी व स्मरणशक्ती पारखतो. त्याच वेळी तोही आमची पारख करीत असतो, याचा मात्र आम्हांस सहसा विसर पडतो.

एका सायंकाळी चिकित्सालयात गर्दी होती. अम्लपित्ताने त्रस्त अशा गर्भिणीस आम्ही लघुसूतशेखर सांगितले. परंतु घाईत चिठ्ठीवर 'लघु' हा शब्द लिहावयाचा राहिला. नावात दोन अक्षरांचा फरक, द्रव्यांत मात्र मोठे अंतर. लघुसूतशेखरात सुवर्णगैरिक, सुंठ आणि नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना. सूतशेखरात पारद, गंधक, ताम्रभस्म, बचनाग व धोत्र्याचे बीज. औषधालयाच्या मालकांनी रुग्णेची अवस्था पाहून दूरध्वनी केला, म्हणून अनर्थ टळला.

शेजारी बसलेल्या शिकाऊ वैद्याच्या हे आधीच लक्षात आले होते. का बोलला नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "सर, मागे रुग्णांसमोर शंका विचारली, तेव्हा आपण रागावला होतात." त्याच महिन्यात त्याच्या मूल्यमापनपत्रात आम्ही 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा दिला होता! आम्ही ज्यास शांत स्वभाव समजलो, ती भीती होती. आम्ही ज्यास शिस्त म्हणत होतो, तो त्याच्या लेखी कोप होता.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याच्या परीक्षेपूर्वी आचार्याची परीक्षा सांगितली आहे, हा क्रम विचार करण्याजोगा आहे. तेथे आचार्य जितहस्त असावा, तसाच अकोपन, अनहंकृत, शिष्यवत्सल आणि ज्ञापनसमर्थही असावा. म्हणजे स्वभाव हा अध्यापनाहून निराळा गुण नव्हे. तो अध्यापनाचाच भाग होय. संधाय संभाषेचे वर्णन करतानाही निःशंकपणे बोलावे व निःशंकपणे विचारावे, असेच सुचविले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात तर उपनयनप्रसंगी गुरूही स्वतःस बांधून घेतो: शिष्य नीट वागत असता आपण अन्यथा वागलो, तर आपण पापाचे धनी होऊ आणि आपली विद्या निष्फळ ठरेल.

नाडीपरीक्षेत हाच प्रश्न रोज उभा राहतो. "लागली का नाडी?" असे विचारताच शिष्याची मान होकारार्थी हलते. ती कळल्याने हलली की संकोचाने, हे आम्ही कितीदा पडताळतो?

त्या प्रसंगानंतर आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या. नाडीचे निदान शिष्याने प्रथम कागदावर लिहावे, नंतर आम्ही आमचे सांगावे. चिठ्ठी रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी शिष्याने औषध, मात्रा व अनुपान मोठ्याने वाचावे. आणि दिवसाअखेरीस आमची कोणती गोष्ट पटली नाही, ते त्याने सांगावे. पहिले काही दिवस तो गप्पच राहिला. पुढे बोलू लागला, तेव्हा त्यातील काही शंकांची उत्तरे आम्हांस ग्रंथ उघडून शोधावी लागली.

ज्येष्ठ वैद्यबंधू-भगिनींनी शिष्याविषयी शेरा लिहिण्यापूर्वी, तोच शेरा शिष्य आपल्याविषयी काय लिहील, याचा क्षणभर विचार करावा. औषधालयाच्या मालकांनीही शंका येताच विचारत राहावे. त्यांच्या एका दूरध्वनीचे ऋण आम्ही विसरू शकत नाही.