कर्नाळ्याच्या जंगलात कुणाची शीळ, कुणाची हाक?

नवी मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं, की पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर अंगठ्यासारखा सुळका दिसतो. हा कर्नाळा किल्ला. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. राज्यातलं हे पहिलंच. इथे येणारे बहुतेक जण कॅमेरा घेऊन येतात. पण या जंगलातल्या अनेक पक्ष्यांभोवती जुन्या लोकसमजुती आणि कथा आहेत आणि त्यातल्या काही चक्क कानांनी ओळखता येतात.

'पेरते व्हा' कोण म्हणतं?

मे महिन्याच्या अखेरीस झाडीतून चढत्या सुरात एकच हाक पुन्हा पुन्हा येते. तो पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं सांगून तो शेतकऱ्याला पेरणीसाठी जागं करतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे. पावशाचा विणीचा हंगाम पावसाच्या आगेमागे येतो, म्हणून तेव्हा त्याची हाक वाढते. तो स्वतः घरटं बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पिल्लं त्यांच्याकडूनच वाढवून घेतो.

बासरी चोरणारा मुलगा

पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे कुणीतरी मजेत शीळ घालतंय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तुर. कृष्ण झोपलेला असताना एका मुलाने त्याची बासरी उचलून वाजवली आणि पुढे त्या मुलाचाच हा पक्षी झाला, अशी कथा सांगतात. कस्तुर वाहत्या पाण्याजवळ, खडकांच्या कपारीत घरटं करतो. म्हणूनच त्याची शीळ ऐकायची तर ओढ्याची वाट धरावी लागते.

शकुनाचा भारद्वाज

तांबूस पंखांचा भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं आजही अनेक घरांत मानतात. किडे, सरडे, उंदरांची पिल्लं हे त्याचं खाणं. शेताजवळ त्याचं असणं शेतकऱ्याच्या फायद्याचंच.

मग अडचण कुठे आहे?

महामार्ग या अभयारण्यातूनच जातो. नेदरलँड्समधल्या लायडेन शहरातला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंगाट असलेल्या भागातले 'ग्रेट टिट' पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं त्यात दिसलं. गाण्यातूनच पक्षी जोडीदार शोधतात, हद्द सांगतात. गाणं वाहनांच्या आवाजात बुडालं, तर ही कामंही अडतात. आणि पावशा ज्या मुलांनी कधी ऐकलाच नाही, त्यांना 'पेरते व्हा'ची गोष्ट कशी कळणार?

जाताना लक्षात ठेवा

- सकाळी लवकर पोहोचा. आतल्या पायवाटेवर दहा मिनिटं एका जागी गप्प बसा.
- मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. विणीच्या काळात पक्षी दुसरा पक्षी आला समजून घरटं सोडून धावतात.
- सुळक्यावर मधमाश्यांची मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळा.
- प्लास्टिक आणि स्पीकर घरीच ठेवा.
- घरातल्या आजी-आजोबांना सोबत न्या. हाक ऐकू आली, की गोष्ट त्यांनाच सांगू द्या.