वाद्य जपायचे म्हणजे काय जपायचे?

मावळ तालुक्यात, मळवली स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर भाजे येथील लेणी आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. दुसरे शतक मानला जातो. तेथील एका विहाराच्या ओसरीत एक स्त्री चर्मवाद्य वाजवीत आहे आणि दुसरी नृत्य करीत आहे, असे दृश्य कोरलेले आहे. हे वाद्य तबल्याचे पूर्वरूप आहे असे काही जण सांगतात, काही जण ते मान्य करीत नाहीत. त्या वादात आपण येथे शिरणार नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की वाजविणारीची प्रतिमा बावीस शतके टिकली, पण त्या काळचे लाकूड, कातडे आणि वादी यांचे वाद्य मात्र आपल्यापर्यंत आले नाही.

यावरून लाकूड मुळातच अल्पायुषी असते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु त्याच परिसरातील कार्ले येथे चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या मूळ लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. बाहेर मावळचा पाऊस कोसळत असतो, तरी डोंगराच्या पोटात ऊन आणि पाणी थेट पोहोचत नाही, हवामानात झटपट बदल होत नाही. लाकडाला मारक ठरते ती केवळ ओल नव्हे. ओल आणि कोरडेपणा यांची सतत चालणारी आवर्तने अधिक घातक असतात. संग्रहालयशास्त्राचा हा पहिला धडा आहे, आणि तो आपल्याला कार्ल्याच्या छताखाली उभे राहूनही शिकता येतो.

आता हाच धडा एका तंबोऱ्याला लावून पाहू. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. समजा, तेथील एखाद्या बंद बंगल्यात आजोबांचा तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला आहे. जुलैत भोपळ्यावर बुरशी धरते, सरसाने चिकटविलेले सांधे मऊ पडतात. पुढे हवा कोरडी पडू लागली की फुगलेले लाकूड आकसते आणि तबलीला चीर जाते. तारा ताणलेल्याच राहिल्या असतील, तर त्यांच्या ओढीने दांडी हळूहळू वाकते आणि घोडीखालची तबली खचते. म्हणून न वाजणाऱ्या वाद्याच्या तारा उतरवून ठेवाव्यात; मात्र त्या पूर्णपणे काढू नयेत, अन्यथा घोडी सरकते आणि तिची नेमकी जागा कोणती होती हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो.

येथपर्यंतचा विचार वस्तूचा झाला. वाद्य ही मात्र केवळ वस्तू नव्हे. मंदिरातली समई पेटविली नाही तरी ती समई दिसतेच. न वाजणारा तंबोरा पाहून त्याच्या नादाची कल्पना येत नाही. शिवाय हा नाद नेमका कोठे वसतो, हे पाहू लागलो की एक विलक्षण अडचण समोर येते.

तंबोऱ्याची घोडी वरून जवळजवळ सपाट असते, पण तिला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उताराला निसटता स्पर्श करीत कंप पावते, आणि त्या स्पर्शातून मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमलतात. या पृष्ठभागाला आणि त्यातून निघणाऱ्या गुंजनालाही जवारी असेच म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून जवारीची नेमकी जागा साधतात. त्या धाग्याचे नाव ‘जीव’. कारागिरांनी हा शब्द उगाच निवडला नसावा. पण तार रोज घासून घोडीवर खाचा पडतात, गुंजन मंदावते आणि जवारी नव्याने काढावी लागते. तबल्याचेही तसेच. शाई उडते, पुडी बदलावी लागते, कायम राहते ते खोड. पखवाजाच्या धुमेला कणीक लावल्याशिवाय त्याला खर्ज नाही, आणि ती कणीक वादन संपताच खरवडून टाकायची असते. थोडक्यात, कलावंताच्या हाती वाद्याला जे भाग आवाज देतात, तेच भाग सर्वांत आधी झिजतात आणि बदलले जातात. संग्रहालयात पोहोचतो तो बहुधा देह.

मग जुन्या तंबोऱ्याची जवारी नव्याने काढून तो बोलता करावा, की आहे तसा मुका ठेवावा? दोन्ही बाजूंनी सबळ युक्तिवाद आहेत. इटलीतील जेनोआ शहराने पागानिनीचे १७४३ साली घडविलेले व्हायोलिन जपले आहे आणि ते प्रसंगोपात्त निवडक वादकांच्या हाती दिले जाते; न वाजणारे व्हायोलिन निकामी होते, अशी तेथील धारणा. आपल्या वाद्यांना हा नियम जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. जवारी काढणे म्हणजे घोडीचा थर तासणे, आणि तासलेला थर परत आणता येत नाही. झीज हा पुरावा आहे. सतारीच्या कोणत्या पडद्यांवर अधिक खाचा आहेत यावरून वादकाच्या मींडेच्या आवडत्या जागा कळतात. पॉलिश कोठे उडाले आहे यावरून हात कोठे टेकत असे हे कळते. हौसेने चकचकीत पॉलिश केलेले थोरामोठ्यांचे वाद्य पाहिले की मला पुसून टाकलेल्या हस्तलिखिताची आठवण होते. नाद ऐकवायचाच असेल, तर त्याच मापाची प्रतिकृती घडवून घ्यावी. मिरजेत हे कसब आजही आहे. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांतून एकोणिसाव्या शतकात तेथील सतारमेकर घराणी पुढे आली. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे वापरून ती तंबोरे आणि सतारी घडवितात, आणि २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे समृद्ध दालन आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा वस्तू जमविल्या, त्या संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तेथे वाद्यांचे घडणीतले वैविध्य पाहावे. एका घराण्याचा वारसा पाहायचा असेल, तर ग्वाल्हेरला जावे. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरातच ‘सरोद घर’ हे संग्रहालय आहे. पंडित रविशंकर यांची १९६१ साली नोदू मल्लिक यांनी घडविलेली एक सतार २०१७ मध्ये कुटुंबीयांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. ती आपल्या देशात असावयास हवी होती, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घरी ठेवलेली वाद्ये सुरक्षित असतातच असे नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनया २०१६ च्या डिसेंबरात वाराणसीतील कुटुंबीयांच्या घरातून चोरीस गेल्या. पुढच्याच महिन्यात पोलिसांना त्यांतील चांदी मिळाली, ती वितळविलेल्या स्वरूपात.

जतनाचा याहून वेगळा मार्ग मावळच्या खेड्यांतही पाहावयास मिळतो. अखंड हरिनाम सप्ताहात देवळातील वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. पहाऱ्याप्रमाणे ती एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिची खुंटी बदललेली असेल, भोपळाही कदाचित नवा असेल, तरी गावाच्या लेखी ती तीच वीणा असते. संग्रहालय मूळ द्रव्य जपते, सप्ताह वापराची परंपरा जपतो. एकाची कसोटी दुसऱ्यास लावू नये.

मराठीच्या अभ्यासकाचा या साऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो संबंध फलकाशी आहे. काचेमागच्या वाद्याविषयी प्रेक्षकास जे कळते ते शेजारच्या चार ओळींतून. ‘तंबोरा. लाकूड, भोपळा, धातू. विसावे शतक.’ एवढेच लिहिले, तर मिरजेतला कोणताही तंबोरा तेथे ठेवता येईल. हे वाद्य कोणी घडविले, कोणाच्या हाती किती वर्षे होते, कोणता भाग मूळचा व कोणता नंतर बसविला, ते शेवटचे केव्हा जुळविले गेले आणि हे सारे कोणाच्या सांगण्यावरून लिहिले आहे, एवढे आले तर ते वाद्य त्या कलावंताचे ठरते. यासाठी शब्दही कारागिरांचेच हवेत. जवारी, जीव, घोडी, तबली, खुंटी, मणका, जोड, खर्ज यांना ‘उपांग’ किंवा ‘घटक’ म्हणून चालणार नाही. ‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो, पण गवसणी म्हणजे वाद्याची कापडी खोळ हे किती जणांना ठाऊक असते? खोळीची जागा आता फायबरच्या पेटीने घेतली आहे. वाक्प्रचार उरला आहे, त्यातली वस्तू दिसेनाशी होत आहे.

स्वाध्याय: आपल्या गावातील भजनी मंडळ, देऊळ किंवा कुटुंब यांच्याकडील एखादे जुने वाद्य निवडा. ते वाजविणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या वयस्क व्यक्तीची मुलाखत घ्या. वाद्याच्या प्रत्येक भागाचे स्थानिक नाव त्यांच्याच उच्चारानुसार नोंदवा. प्रमाण शब्द वेगळा असल्यास तो शेजारी लिहा, मूळ नोंद खोडू नका. या माहितीवरून साठ ते ऐंशी शब्दांचा संग्रहालय-फलक तयार करा. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेली माहिती फलकात वेगळी दिसली पाहिजे.