केस आमचे, चेहरा कोणाचा?

१४ एप्रिलच्या चार दिवस आधी आमचा पुतण्या घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, या चारपैकी कोणता कट मला चांगला दिसेल?" जयंतीच्या मिरवणुकीत पांढरा सदरा आणि गळ्यात निळा दुपट्टा घालायचे ठरलेले होते, फक्त केसांचे ठरायचे होते. त्याने स्वतःचा फोटो मोबाइलमधल्या एका ॲपला दिला होता. 'मला कोणती केशरचना शोभेल?' असा प्रश्न विचारला होता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या त्या यंत्राने अर्ध्या मिनिटात चार फोटो काढून दिले होते.

आम्ही चष्मा लावून चारही फोटो पाहिले. केस खरोखरच झकास होते. पण फोटोत आमचा पुतण्या नव्हता, त्याच्यासारखा दिसणारा कोणीतरी होता. रंग चांगला दोन छटांनी उजळलेला, नाक सरळ आणि बारीक झालेले, आणि लहानपणी सायकलवरून पडून भुवईवर आलेला वण गायब. आम्ही विचारले, "अरे, यात तू कुठे आहेस?" तो म्हणाला, "थोडं स्मूथ करते ते, काका. सगळ्यांचंच करते."

काही वाचक म्हणतील, केस कापण्याचा विषय चळवळीच्या वर्तमानपत्रात कशाला? बेकारी आहे, शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही हेअरकट घेऊन बसलात? अशा वाचकांना आम्ही साताऱ्याची आठवण देतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. ज्या माणसाने पुढे या देशाचे संविधान लिहिले, त्याच्या डोक्यावरची कात्री बहिणीच्या हातात होती. त्यामुळे केस कापणे हा आमच्यासाठी नुसता फॅशनचा विषय कधीच नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आमच्या आयाबायांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे वेश आणि दागिने टाकून द्या, स्वच्छ आणि नीटनेटके राहा. नीटनेटके राहणे हाही आमच्या लढ्याचाच भाग होता.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या कलम १५ वर चर्चा झाली, तेव्हा त्यातल्या 'दुकान' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक सांगितला. मागेल त्याला मोबदला घेऊन जो आपली सेवा देतो, तो त्यात आला. म्हणजे सलूनही आले. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले. आणि प्रत्यक्षात? गुजरातमध्ये बनासकांठा जिल्ह्यातील अलवाडा गावात दलित तरुणाचे केस गावातल्या दुकानात पहिल्यांदा कापले गेले ते ऑगस्ट २०२५ मध्ये! तोवर तिथले आमचे बांधव केसांसाठी दुसऱ्या गावी जात होते. एकीकडे यंत्र चेहरा मोजून कट सुचवते आहे आणि दुसरीकडे गावातल्या खुर्चीवर बसायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागतात.

(यात नाभिक बांधवांना दोष देऊन मोकळे होता येणार नाही. तेही बलुतेदारच, गावगाड्याने जे लादले ते त्यांनी केले. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी 'विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही' अशी भूमिका घेतली होती, हेही विसरू नये.)

आता यंत्राकडे येऊ. ते दोन कामे करते आणि ती दोन वेगळी समजून घेतली पाहिजेत. पहिले काम मोजमापाचे. कपाळाची रुंदी, गालफडे, जबडा, चेहऱ्याची लांबी पाहून ते चेहरा गोल, लांबट, चौकोनी की अंडाकृती हे ठरवते आणि त्यावरून सल्ला देते. गोल चेहऱ्याला वर उंची ठेवा, बाजूने कमी करा. लांब चेहऱ्याला कपाळावर थोडे केस येऊ द्या. यात नवे काही नाही. सलूनच्या भिंतीवरचे जुने तक्ते हेच सांगत. हा सल्ला उपयोगी असतो, तो घ्यावा.

दुसरे काम चित्राचे, आणि घोटाळा इथे आहे. तुम्हाला वाटते की यंत्र तुमच्याच फोटोतले फक्त केस बदलते. पुष्कळदा ते तसे करत नाही. ते तुमचा चेहरा पाहून सगळे चित्र नव्याने रंगवते, आणि रंगवताना आजवर पाहिलेली चित्रे वापरते. ती चित्रे कोणाची? यंत्रांना चित्रे ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरलेल्या 'इमेजनेट' या मोठ्या संग्रहातली ४५ टक्क्यांहून अधिक सामग्री एकट्या अमेरिकेतली होती, तर भारत आणि चीन मिळून अवघी ३ टक्के. ज्याचे चेहरे जास्त, त्याचाच चेहरा 'नेहमीचा' ठरतो. आमच्या वस्तीतला चेहरा मग दुरुस्त करण्याची वस्तू होतो.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही. २०१६ मध्ये 'ब्युटी.एआय' नावाची सौंदर्यस्पर्धा झाली, तिचे परीक्षक यंत्र होते. शंभरावर देशांतल्या सुमारे सहा हजार लोकांनी फोटो पाठवले. यंत्राने ४४ विजेते निवडले, त्यात काळ्या वर्णाची व्यक्ती एक! २०१७ मध्ये 'फेसॲप'ने माणसाला 'आकर्षक' करून दाखवणारी सोय काढली, ती सरळ कातडी गोरी करत होती. कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेचा चेहरा कॅमेऱ्यातल्या प्रोग्रामला दिसेचना; तिने पांढरा मुखवटा चढवला तेव्हा दिसला. तिने आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांची यंत्रे तपासली. स्त्री की पुरुष एवढेच ओळखायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

आणि जातीचे काय? २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकाने 'सोरा' या चित्रफिती बनवणाऱ्या यंत्राची परीक्षा घेतली. ब्राह्मणाचे काम दाखव म्हटल्यावर त्याने गोऱ्या वर्णाचा, पांढऱ्या वस्त्रातला पुजारी दाखवला. दलिताचे काम दाखव म्हटल्यावर काळ्या वर्णाचा, मळक्या कपड्यांतला माणूस. हातात झाडू, नाहीतर गटारात उतरलेला. हा प्रकार आमच्या पुतण्याच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. 'चांगला दिसू दे' म्हटले की यंत्र आम्हाला गोरे करते आणि 'दलित' म्हटले की काळे करून हातात झाडू देते. आम्ही जसे आहोत तसे, आमच्या रंगाचे आणि तरीही देखणे, हा पर्याय त्याच्याकडे आपणहून येत नाही. मनुस्मृती न वाचताही यंत्र इथवर पोचले, कारण ज्या समाजाची चित्रे आणि मजकूर त्याने गिळला, त्या समाजाने ती कोळून प्यायली आहे.

मुलींच्या बाबतीत तर आणखी कठीण. कुरळे केस असलेल्या मुलीने 'मुलाखतीसाठी केस कसे ठेवू' असे विचारले की सरळ, चमकदार केसांचे चित्र पुढे येण्याचा संभव जास्त. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रिया हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आल्या. नैसर्गिक केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्निया राज्याला २०१९ मध्ये कायदा करावा लागला. ज्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आमच्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर हे नाव घेतले, त्यांचे ते गोल, फुललेले अफ्रो केस ही घोषणाच होती.

मग यंत्र वापरू नये काय? आम्ही असे मुळीच म्हणत नाही. नवे साधन दिसले की त्याला विटाळ मानणे हे आमचे काम नव्हे. ते जाणून वापरावे. फोटो उजेडात काढावा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. केस जाड की विरळ, सरळ की कुरळे, भोवरा कुठे आहे, हे शब्दांत लिहावे. 'माझा रंग, नाक, चेहरा, वण, काहीही बदलू नको, फक्त केस बदल' असे स्पष्ट बजावावे. तरी बदलले तर पुन्हा बजावावे. चित्रापेक्षा कारण मागावे, हा कट का, ते विचारावे. आणि तुमचा चेहरा कोणत्या कंपनीकडे जाऊन बसतो, ती त्याचे काय करते, हे फोटो देण्याआधी वाचावे, नंतर नव्हे.

पुतण्या तो मोबाइल घेऊन सलूनमध्ये गेला, आम्हीही बरोबर गेलो. कारागीर पन्नाशीचा. त्याने चित्र पाहिले, मोबाइल बाजूला ठेवला, डोक्यावरून दोनदा बोटे फिरवली आणि म्हणाला, "भाऊ, तुला मागे दोन भोवरे आहेत. एवढे बारीक केले तर केस उभे राहतील. फोटोतल्याला भोवराच नाही." मग त्याने वरचे केस थोडे लांब ठेवले, बाजूने उतरते केले, कानामागे वस्तरा फिरवला. वीस मिनिटांत झाले. कट फोटोतल्यासारखा नव्हता, पण चेहरा पुतण्याचा होता, भुवईवरच्या वणासकट.

मिरवणुकीत तो चांगला दिसत होता, त्याच्या आईनेही तसे म्हटले. आम्ही त्याचे दोन फोटो काढले आणि त्याला पाठवले. मोबाइलवर प्रोफाइलला मात्र त्याने अजून यंत्राने दिलेला तो गोरा फोटोच ठेवला आहे.