वाढीव कुटुंबांनी राहायचं कुठं?

बेघर तरुण म्हटलं की मुंबईतला रेल्वेचा फलाट डोळ्यांसमोर येतो. जनगणनेची नजरही तीच. फलाट, पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, देवळाचं आवार अशा ठिकाणी उघड्यावर राहणाऱ्यांना ती बेघर म्हणते. २०११ मध्ये देशात असे १७.७ लाख लोक नोंदले गेले. भंडारा जिल्ह्यातला प्रश्न या मोजपट्टीत सापडत नाही. गोसीखुर्द धरणात गाव बुडाल्यावर वडिलांच्या दोन खोल्यांत बायको-मुलांसह राहणारा तरुण एका चुलीवर जेवतो, म्हणून त्याची नोंद वडिलांच्याच कुटुंबात होते.

अशा तरुणांची अडचण मोठी झाली ती दिरंगाईमुळे. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, तरी पुनर्वसन रेंगाळलेलंच होतं. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेलं मूल २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं तेव्हा पंचविशीत होतं. कागदावरचं एक कुटुंब प्रत्यक्षात दोन-तीन झालं. मूळ गावात शेताच्या कडेला किंवा परसात आणखी एक खोली उठवता आली असती. पुनर्वसित गावठाणात मोजून दिलेला भूखंड भावाभावांत वाटला की उरतं काय? अशा ‘वाढीव कुटुंबां’ना वेगळी जागा देण्याची मागणी इथूनच आली.

डोक्यावर छप्पर आहे, मग हे बेघर कसे, असं कुणी विचारेल. फलाटावरच्या मुलाचे हाल अधिक, हे खरंच. पण तात्पुरत्या आसऱ्याला घर मानलं की मदतीच्या यादीत हा तरुण कधी येतच नाही. दुसरा आक्षेप पैशाचा: मोबदला मिळाला, त्यातून घर बांधावं. मोबदला खातेदाराला, त्याच्या जमिनीचा मिळतो. नंतर सज्ञान झालेल्या मुलाचा त्यात वेगळा हिशेब नसतो. प्रत्येक मुलाला घर द्यायचं तर यादी संपणारच नाही, ही भीतीही अनाठायी आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, वेगळं कुटुंब मानलं आहे. आधी निवाडे झालेल्या जमिनींना तो सहसा लागू होत नाही, पण त्यातलं तत्त्व स्वीकारायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी सज्ञान असलेल्यांची यादी करून त्यांना भूखंड द्यावा. उशीर शासनाचा असेल, तर त्याची किंमत तरुणांनी का मोजायची?